अळीचे पाय

माझी धाकटी लेक गेले अकरा दिवस माझ्याशी चांगली वागते आहे. हे काही बरं लक्षण नव्हे. चाळीस वर्षं ही पोरगी माझ्याशी भांडत आली. शाळेच्या दप्तरावरून भांडली, केस कापण्यावरून भांडली, लग्न करणार नाही म्हणून भांडली, आणि मी ‘नको करूस, माझं काय जातंय’ म्हटलं तर मी असं कसं म्हटलं म्हणून भांडली. आमच्या घरात दार आपटल्याचा आवाज झाला नाही तर खालच्या कारखान्यातले कामगार वर बघायचे, की माणसं गावाला गेली काय. आणि आता ही दार लोटते. हळूच लोटते, कुणी आजारी पडलेलं असावं तसं. ताटातलं सगळं संपवते. मीठ जास्त झालं तर बोलत नाही. मी मुद्दाम जास्त टाकलं होतं परवा. थोरला एक घास घेऊन खोकला, सुनेने ‘अहो आई, आज हात सैल सुटला वाटतं’ म्हणून टोमणा मारला, आणि ही मान खाली घालून खात राहिली. आज सकाळी तर कहर झाला. मी तिच्यापुढे चहाचा कप ठेवला आणि ती म्हणाली, “थँक्यू, आई.”

थँक्यू! कप आधीच खाली ठेवला होता म्हणून वाचला. पोटच्या पोरीने आईचे आभार मानावेत? आभार परक्याचे मानतात, डॉक्टरचे, पत्ता सांगणाऱ्याचे. मी तिच्याकडे बघत उभी राहिले, की आता हसेल, आता म्हणेल की चहात साखर आहे की साखरेत चहा. ती हसली नाही. कप उचलला, दोन घोट घेतले, खाली ठेवला, पुन्हा त्या कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं. मी स्वयंपाकघरात गेले, मटारच्या शेंगांचं टोपलं घेतलं आणि तिच्या समोरच्या खुर्चीवर येऊन बसले. म्हटलं बसू. बसलं की माणूस कधीतरी बोलतं. टेबलावर तिच्या कोपरापाशी ती चपटी पेटी होती, झाकण उघडं, आत कापूस, कापसात तो दगड. खिडकीतला उजेड त्याच्यावर पडला होता आणि खिडकीच्या चौकटीचे चारही भाग त्यात सरळ रेषेत दिसत होते. माझ्या डोळ्यांनी, मला न विचारता, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेष तपासली. कुठे वाकली नव्हती. काम चोख होतं. एवढं चोख की मला शेंगांकडे बघावं लागलं.

माझा हात हा असा आहे. माझे वडील दगड घासायचे, त्यांच्या हाताखाली मी तिसरीतून काढल्यावर घासायला लागले, पुढे नवऱ्याचा कारखाना, तो गेल्यावर माझा कारखाना, आता नावाला थोरल्याचा. साठ वर्षं झाली. लोकांच्या घरच्या फरशा, दुकानांच्या पायऱ्या, ओटे, बँकेचा तो लांबलचक काउंटर, दवाखान्याची भिंत. बोटांवरच्या रेघा कधीच झिजून गेल्या. सरकारी कचेरीत अंगठा घ्यायचं यंत्र आलं तेव्हा तिथला कारकून माझा अंगठा पुसून पुसून दमला. म्हणाला, “आजी, तुम्ही आहात की नाही हेच ह्याला कळेना.” मी म्हटलं, “यंत्राला कळत नसेल, तुला दिसतेय ना?” वडील एकच गोष्ट शिकवून गेले. डाग. दगडात डाग राहिला म्हणजे दगड देणाऱ्याच्या अब्रूला डाग राहिला. मी अकरा वर्षांची असताना एक पायरी परत आली, एका कोपऱ्यात चहाच्या थेंबाएवढा काळा डाग होता म्हणून. वडिलांनी मला मारलं नाही. ती पायरी माझ्यापुढे ठेवली, पाण्याची बादली ठेवली, आणि जेवायला गेले. तो डाग खोल होता. एखादा डाग वरवरचा असतो, एखादा दगडाच्या पोटातून येतो, आणि पोटातून आलेला घासावा तितका रुंद होत जातो. मला ते कुठे ठाऊक. मी घासत राहिले. संध्याकाळपर्यंत पायरीला त्या जागी वाटीएवढा खड्डा पडला, बोटांची सालं गेली, आणि डाग तसाच मध्ये बसून माझ्याकडे बघत. वडील आले, खड्डा बघितला, म्हणाले, “आता कळलं का कुठला दगड घ्यायचाच नाही ते?” एवढंच. त्या दिवसापासून डाग दिसला की माझं मन काय म्हणतं ते हात ऐकून घेत नाही.

हेच मी तिला अकरा दिवसांपूर्वी सांगितलं. “मला वाटलं डाग आहे.” हेच शब्द. आणि ती दगडाकडे बघत उभी होती, तोंडाचा रंग उतरलेला, अंगावर अजून बाहेरचे कपडे, खांद्यावर पिशवी. मला वाटलं आता फुटते. मी तयार होते. मी माझ्या बाजूने चार वाक्यं जुळवून ठेवली होती, दोन जहाल आणि दोन त्याहून जहाल. तिने पिशवी खाली ठेवली. दगडावरून तळहात फिरवला, एकदा, माझ्यासारखाच, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मग म्हणाली, “राहू दे, आई. तुला कसं कळणार.”

तुला कसं कळणार. अकरा दिवस हे वाक्य माझ्या दातात अडकलंय. जीभ सारखी तिथेच जाते.

तिची ती अळी मला काय माहीत नव्हती? बारा वर्षं ह्या टेबलावर दुसरं बोलणं नव्हतं. संग्रहालयाच्या मागच्या खोल्यांमध्ये ही नोकरी करते. पुढच्या दालनांत हाडांचे सांगाडे आहेत, मुलं बघायला येतात. मागे कपाटं आहेत, कपाटांत खण आहेत, खणांत दगड आहेत आणि दगडांत मेलेले किडे. त्यातल्या एका खणात हिला हा दगड सापडला. पाटीसारखा, पापुद्र्यांचा, काळसर. त्याच्यावर बोटभर लांबीचा एक करडा पट्टा, जरा वाकडा, कुणी ओलं बोट पुसावं तसा. “आई, हा प्राणी आहे,” तिने मला सांगितलं. फोटो दाखवला. मी म्हटलं, “हा डाग आहे.” ती म्हणाली, “पन्नास कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रात हा चालत होता.” मी म्हटलं, “एवढ्या वर्षांत कुणी पुसला नाही?” ती हसली होती तेव्हा. तेव्हा हसायची. मग मला सगळं समजावून सांगितलं, मी भांडी घासत होते आणि ती ओट्यावर पाय हलवत बसली होती. की तेव्हा जमिनीवर कुणीच नव्हतं, झाड नाही, गवत नाही, जे काय चाललं होतं ते पाण्यात. आणि त्या पाण्याच्या तळाशी अळ्यांची एक जात होती, मऊ अंगाची, जिला पाय होते. सांधे नसलेले पाय, फुगलेल्या हातमोज्याच्या बोटांसारखे, टोकाला बारीक नख्या. गांडुळाने चालायचं मनावर घेतलं तर कसं दिसेल, तसं. ती सगळी जात गेली, एकही उरली नाही. पण त्यांच्या चुलत्यांच्या चुलत्यांमधूनच पुढे खेकडे झाले, कोळी झाले, माशा झाल्या. “म्हणजे पायांची सुरुवात बघ, आई,” ती म्हणाली. “कुणीतरी पहिल्यांदा उभं राहिलं.” मी म्हटलं, “उभं राहून काय केलं? मेलंच ना?”

पण ह्या दगडातल्या अळीला पाय होते की नव्हते, ह्यावर भांडण होतं. हिचा साहेब म्हणायचा की नाहीत. तो मोठा माणूस, त्याने ह्या जातीवर जाडजूड पुस्तक लिहिलेलं. ह्या अळीच्या बाजूला ज्या पुसट रेघा दिसतात त्या गाळाच्या आहेत, ही साधी बिनपायी अळी, असं त्याने एका ओळीत लिहून टाकलेलं होतं, आणि ती एक ओळ खोडायला माझ्या लेकीने बारा वर्षं घातली. दुसरा तसला दगड कुठे नाही. हाच एक. फोटोत पाय दिसायचेही आणि नाहीही, ढगात घोडा दिसतो तसे. तिला दिसायचे, साहेबाला नाही. पाण्याने ओला करून बघावा तर तसं करायला तिथे सक्त मनाई. पापुद्रा सुटेल म्हणतात. मी त्या अळीला जावई म्हणायचे. पहिल्यांदा चिडून म्हटलं, नंतर सवयीने. ती घरी आली की विचारायचे, “काय म्हणतोय घोडनवरा? पन्नास कोटी वर्षांचा झाला, आता तरी पायावर उभा राहतोय का?” ती म्हणायची, “तुझ्या जावयाला आज नवीन दिवा लावून बघितला.” थोरला हसून लोटपोट व्हायचा. आम्ही तिघं हसायचो. सून नाही हसायची, तिला वाटायचं मी टोचून बोलते. मी टोचूनच बोलत होते. पण ते टोचणं तिला चालायचं. आम्हा मायलेकींचं बोलणंच काट्याकुट्यांचं, त्यातून चालायची आम्हाला सवय.

शेंग सोलताना एक दाणा उडाला, टेबलावरून घरंगळत पेटीपाशी जाऊन थांबला. तिने तो उचलून माझ्या टोपल्यात टाकला. खाली कारखान्यात कटर सुरू झाला आणि फरशीतून पायाला ती ओळखीची थरथर आली. हिचं लहानपण ह्याच थरथरीवर गेलं. हिला पाळण्यात झोप यायची नाही, मशीन सुरू झालं की यायची. पाच-सहा वर्षांची असेल, खाली येऊन ओल्या फरशांवर पालथी पडायची, नाक टेकवून. एकदा ओरडली, “आई, ह्यात गोगलगाय आहे!” खरंच होती. पिवळसर दगड होता, त्यात शंखाचा आडवा काप, गोल गोल फिरत गेलेला. मी म्हटलं, “हळू बोल. गिऱ्हाइकाने ऐकलं तर दगड परत करील.” आणि तिच्या डोळ्यांसमोर मी त्याच्यावर लांबी भरली, रंग मिळवून, की शंख होता असं कुणाच्या बापाला कळलं नसतं. ती रडली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी तिला तुटक्या तुकड्यांतून एक शोधून दिला, ज्यात अर्धा शंख होता. तो घेतला तिने. अर्ध्यावर भागवलं. मला तेव्हा वाटलं, मिटलं. आता वाटतं मीच हिच्या हातात तो पहिला दगड दिला, आणि मीच बारा वर्षं तिला विचारत बसले की हे खूळ तुझ्या डोक्यात कुणी घातलं.

तर तो दगड घरी कसा आला ते. दुसऱ्या एका शहरात एक यंत्र आहे म्हणे, जे किरणांनी दगडाच्या आत बघतं. तिथे पाय असले तर दिसतील, साहेबाला बोलायला जागा उरणार नाही. दोन वर्षं हिने अर्ज करून करून तारीख मिळवली. पण त्या यंत्रात जाडा दगड जात नाही; हा चार बोटं जाड, मागून कमी करून एका बोटावर आणायला हवा. संग्रहालयातल्या कापणाऱ्याने आधी असाच एक दगड करताना कोपरा उडवला होता. हिला त्याचा भरवसा वाटेना. तेव्हा ही एका संध्याकाळी घरी आली, पेटी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “आई, हे काम तूच कर. दुसऱ्या कुणाच्या हाताला देणार नाही.” कुणाला विचारून आणलाय का म्हटलं, तर मान वळवली. म्हणजे नाही. मला तेव्हा काय वाटलं ते खरं सांगायचं तर, छाती भरून आली. बारा वर्षांत पहिल्यांदा तिच्या कामात माझी गरज पडली होती. मी अर्थातच म्हटलं, “जावयाची पाठ खाजवायला मीच सापडले काय?” ती म्हणाली, “मागून फक्त. पुढच्या बाजूला हात लावायचा नाही. पाणी नाही, फुंकरसुद्धा नाही.” पुढच्या बाजूवर तिने स्वतः जाड प्लास्टिक लावलं, चारी कडा चिकटपट्टीने बंद केल्या. दोनदा दाबून बघितल्या.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. थोरला सुनेला घेऊन तिच्या माहेरी गेला, लेक त्या यंत्रवाल्या लोकांना भेटायला. मी एकटी खाली. लहान चाक लावलं, पाणी बारीक सोडलं. पापुद्र्यांचा दगड फार लहरी, जोर केला की वहीसारखा उलगडतो. मी त्याला श्वास रोखून उतरवला. एक बोट म्हणजे एक बोट. कोपरे चारही शाबूत. एवढं झालं आणि मी वर गेले असते, हात धुतले असते, तर आज ही पोरगी ह्या टेबलावर माझ्याशी कशावरून तरी कडाकडा भांडत बसली असती. पण मी जाडी बघायला दगड उभा धरला आणि दिसलं की एका कडेची चिकटपट्टी पाण्याने सुटलीय, प्लास्टिकखाली ओल गेलीय. ओल कोंडली तर पापुद्रा फुगेल. म्हणून मी प्लास्टिक काढलं. हे बरोबरच केलं, आजही म्हणेन. आणि जिथे ओल पोचली होती तिथे, त्या करड्या पट्ट्याच्या खाली, एक पाय होता.

दगडाला पाणी लागलं की त्याचा खरा रंग वर येतो, हे आमच्या धंद्यातलं पोरही सांगेल. कोरडा दगड तोंड मिटून असतो. मी बोट बुडवलं आणि पट्ट्याच्या कडेने फिरवलं. दुसरा आला. तिसरा. मग मी ओंजळीने पाणी सोडलं आणि तो सगळा उठला. पाठीला बारीक वळ्या, वळीवळीखाली एक पाय, जाडसर, गुडघा नाही काही नाही, पुढे टाकलेले, जणू ह्या क्षणाला चालता चालता कुणी हाक मारली म्हणून थांबलाय. मी मोजले. मला आकडे येतात. ह्या बाजूला नऊ, त्या बाजूला आठ, त्या बाजूचा एक अंगाखाली दुमडलेला असावा. मागच्या दोन पायांना नख्या, पापणीच्या केसाहून बारीक. साठ वर्षं मी दगड ओले करतेय, असं काही माझ्यासमोर आलं नव्हतं. सुंदर होता. जावई म्हणून नव्हे, तसाच सुंदर होता. मी स्टुलावर बसले. कारखान्यात टपटप पाणी गळत होतं. आणि मला काय वाटायला हवं होतं? धावत वर जावं, लेकीला फोन करावा, ‘अगं, आहेत पाय, तू बरोबर होतीस’ म्हणावं. ते वाटलं. शपथेवर सांगते, आधी तेच वाटलं. मग त्याच्या मागोमाग दुसरं आलं. की ह्याच्यापायी. ह्या बोटभर ओल्या सावलीपायी माझी पोरगी बारा वर्षं खालमानेने त्या खोल्यांत बसली, तिचे डोळे गेले, केस गेले, कारखाना तिने हातात घेतला नाही, थोरल्याने घेतला आणि त्याचा हात म्हणजे लाकूड, दगड त्याला कळत नाही. माझा हात हिच्या हातात आलेला होता; लहानपणी फरशीवर तळवा फिरवून सांगायची ती कुठे उंच आहे, कुठे खोल. तो हात हिने ह्याला दिला. आणि उद्या यंत्रात पाय दिसतील, साहेब हरेल, मग ही आणखी वीस वर्षं त्या पायांच्या नख्या मोजत बसेल. माझ्या हाताने मी त्याला तिच्यापुढे उभा करून द्यायचा.

हातात घासायचा खरड दगड कधी आला ते मला ठाऊक नाही, असं मी अकरा दिवस स्वतःला सांगतेय. हाताला डाग दिसला, हाताने उचलला. वडील, ती पायरी, सवय. जित्याची खोड. हे सगळं मी इतक्या वेळा घोकलं की आता मलाच खरं वाटू लागलंय, आणि तरी ते बसत नाही, सांध्यात खडा राहिलेल्या फरशीसारखं डगडगतं. कारण मला आठवतंय की मी शेपटाकडून सुरुवात केली. डाग पुसणारा मधूनच पुसतो, जिथे जास्त काळं तिथून. मी शेपटाकडून आले, एकेक पाय. नऊ, आठ, सात. खरड दगड झाला, मधला झाला, मऊ झाला, मग नमद्याने, जाड लोकरी कापडाने, झिलई. हा दगड झिलई घेत नाही असं सगळे म्हणतात. मी घ्यायला लावली. दुपार झाली होती. पुसून कोरडा केला तेव्हा त्यात माझं तोंड दिसलं.

“काय लिहितेस?” मी विचारलं. मटार संपत आले होते.

“ऑफिसला पत्र.”

“मोठं दिसतंय.”

“नाही. संपलं.”

“वाच.”

ती माझ्याकडे बघायला लागली. “तू ऐकून काय करणार, आई?”

“माझ्या घरी बसून, माझ्या टेबलावर, माझ्या चहावर लिहितेस. वाच म्हटलं ना.”

दुसऱ्या कुठल्याही दिवशी तिने म्हटलं असतं, की टेबल माझं आहे, मी आणलंय. ते खरंही होतं. तिने चष्मा नाकावर चढवला आणि शांतपणे वाचून दाखवलं. परक्याला दाखवतात तसं. की अमुक क्रमांकाचा दगड मी परवानगी न घेता कचेरीबाहेर नेला. त्याची मागची बाजू कमी करण्याचं काम मी स्वतः केलं. ते करताना माझा हात घसरला आणि पुढची बाजू घासली गेली. प्राण्याचा ठसा नष्ट झाला. ह्याची सगळी जबाबदारी माझी आहे, दुसऱ्या कुणाचा ह्यात संबंध नाही. ह्या प्राण्याला पाय होते असं जे मी आजवर मांडत आले त्याला आता पुरावा उरला नाही, तेव्हा ते म्हणणं मी मागे घेते. आणि नोकरीचा राजीनामा.

खाली कटर थांबला. मला वाटलं कान बंद झाले.

“मागे घेते म्हणजे?”

“म्हणजे पाय नव्हते असं धरायचं.”

“तुला तर दिसत होते.”

“मला वाटत होते, आई. दिसणं वेगळं.” तिने चष्मा काढला. “जाऊ दे. झालं ते झालं. तू मनाला लावून घेऊ नकोस. मी आणायलाच नको होता घरी. माझीच चूक. तू तुझ्या पद्धतीने चांगलंच करायला गेलीस.”

आणि तिने हात पुढे केला, टेबलावरून, आणि माझ्या हातावर ठेवला. थोपटला. लहान मुलाला थोपटतात तसा, दवाखान्यात म्हाताऱ्यांना नर्स थोपटते तसा. ह्या हाताला! मी तिच्या तोंडाकडे बघितलं. तिथे राग नव्हता, मी कसून शोधला. दया होती. नीट धुऊन, घडी घालून ठेवलेली दया. म्हणजे ही पोरगी, जिने मला चाळीस वर्षं तोडीस तोड उत्तर दिलं, तिने ह्या अकरा दिवसांत मनातल्या मनात मला म्हातारी करून टाकलं होतं. अडाणी, भोळी, काही न कळणारी. आपली आई अडाणी आहे एवढं मानलं की रागवायला नको, विचारायला नको, एकदासुद्धा विचारलं नाही हिने की ‘आई, तू नक्की काय बघितलंस’. बारा वर्षं पाय शोधणाऱ्या बाईने, ज्याने शेवटचं बघितलं त्याला विचारलं नाही. कारण ते बघणारे डोळे माझे होते.

आता मी गप्प राहिले की सगळं सोपं होतं, तेही मला दिसत होतं. ती पत्र पाठवील, नोकरी जाईल, ती घरी येईल. खाली येईल कदाचित. ओल्या फरशीवर तळवा फिरवील. मला जे हवं होतं ते सगळं न मागता माझ्या दारात येऊन उभं राहील, आणि मी ह्या घरातली अडाणी म्हातारी म्हणून मरेन, मीठ जास्त पडलं तरी जिला कुणी बोलत नाही अशी. माझ्या लेकीचा हात घसरतो असं एका कागदावर लिहून राहील. माझ्या वडिलांच्या नातीचा. आणि तो बिचारा, नऊ पाय पुढे टाकून थांबलेला, त्याला कायमचं बिनपायी करून टाकतील, तो साहेब पुस्तकातली ती एक ओळ तशीच ठेवील. मी त्याला एकदा पुसला होता. ही तिच्या हाताने दुसऱ्यांदा पुसत होती, आणि तेही मला सांभाळून घ्यायला.

तिचं बोट त्या कॉम्प्युटरच्या कडेवर होतं. पाठवायला एक टिचकी लागते, मी बघितलंय.

मी तिचा हात माझ्या हातावरून काढला आणि कॉम्प्युटरचं झाकण खाली केलं. ती दचकली. “आई, बोट!” म्हणाली. आवाजात जरा धार आली. बरं वाटलं.

“बोट जाईना का. ऐक,” मी म्हटलं. “तुला दगडातलं ओ की ठो कळत नाही. हात घसरला तर ओरखडा उठतो. अशी झिलई येत नाही. ही यायला अर्धा दिवस लागतो आणि साठ वर्षं लागतात, आणि तुझ्या ऑफिसात दगड ओळखणारा एक जरी माणूस असला ना, तर तो हे बघून म्हणेल ही बाई खोटं बोलतेय, आणि बरोबर म्हणेल. डाग वाटला म्हणून पुसला असं मी तुला सांगितलं, तेही खोटं. त्याच्यावर पाणी पडलं. तो उभा राहिला. ह्या बाजूला नऊ पाय, त्या बाजूला आठ, मागच्या दोन पायांना नख्या. मी बोट लावून मोजले, आणि मोजून पुसला. का पुसला ते मला विचार, सगळ्यांदेखत विचार, मी सांगीन. पण पाय नव्हते असं लिहिलंस तर तुझ्यासारखी भित्री बाई ह्या घराण्यात झाली नाही. लिही, की पाय होते, माझ्या आईने बघितले, आणि बघून पुसले. माझं नाव खाली घाल, आडनावासकट. आणि ती तुझी माफी तेवढी घे परत. ती तू कुणा अडाणी बाईला दिलीस. तसली बाई ह्या घरात राहत नाही.”